आधी मोजा, मग पाना उचला

संध्याकाळी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दोनच विषय ऐकू येतात. एक सबमिशन आणि दुसरा अ‍ॅव्हरेज. "अरे, पंचेचाळीस द्यायची, आता पस्तिसावर आली." "सिग्नलला उभी केली की धडधडते आणि बंद पडते." लगेच एक जण ठामपणे सांगतो, कार्बोरेटर गेला. दुसरा म्हणतो, प्लग बदल. तिसरा काही न बोलता आयडलिंगचा स्क्रू पिळून मोकळा होतो. सगळ्या ब्रँचचे भावी इंजिनीअर तिथे हजर, पण आकडा एकाच्याही हातात नाही. मित्रांनो, माझ्या मते ही शुद्ध देवऋषीगिरी आहे.

त्या स्क्रूचंच घ्या. तो पिळला की थ्रॉटल जरासा उघडा राहतो, रेस वाढते आणि गाडी बंद पडायची थांबते. आजार मात्र आहे तिथेच राहतो. वर सिग्नलला पेट्रोल आणखी जळतं.

तेव्हा पहिला प्रश्न : बिघाड इंजिनात आहे की रस्त्यात? जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर, ठरलेल्या वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. त्या रोलरवर काटई नाका नसतो! कल्याण-शीळ रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये सरकताना किलोमीटर वाढत नाहीत, पेट्रोल मात्र जात राहतं. उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य. २०२४ साली मोठागाव-माणकोली पूल खुला झाल्यापासून डोंबिवलीकरांना ठाण्याला यायला दुसरी वाट मिळाली, आणि आपल्याला एक आयता प्रयोग. मी काही दिवस शीळफाटा-मुंब्रा मार्गे आणि काही दिवस माणकोली मार्गे येऊन हिशोब वेगवेगळा ठेवतो. गाडी तीच, हात तोच, तरी आकडे वेगळे येतात. हा फरक कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करू शकणार नाही.

दुसरा प्रश्न : मोजलं कसं? आपल्यातले बरेच जण एक लिटर टाकतात आणि काटा खाली येईपर्यंत किलोमीटर मोजतात. टाकी भरताना शंभर मिलिलिटर इकडेतिकडे होतंच. एका लिटरमागे ही चूक १० टक्के. म्हणजे खरी ४५ देणारी गाडी कधी ४१ वाटेल, कधी ५०. तेच पाच लिटरवर मोजलं तर चूक २ टक्क्यांवर येते. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पाच-सहा लिटर जाळा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. फर्स्ट इयरच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला एरर काढायला शिकलो ते याचसाठी.

एवढं करूनही आकडा घसरलेला असेल तर मग इंजिनाकडे वळू. इथे माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा की दोन्ही तक्रारी एकत्र आहेत का? आयडलिंग उत्तम पण अ‍ॅव्हरेज वाईट असेल तर आधी टायरमधली हवा, चिकटणारा ब्रेक, सुकलेली चेन, घसरणारी क्लच प्लेट आणि आपलं मनगट तपासावं. अ‍ॅव्हरेज बरं पण आयडलिंग खराब असेल तर स्लो जेट चोंदलेला असू शकतो, किंवा इनटेकच्या रबराला चीर असू शकते. थ्रॉटल बंद असताना इंजिन फारच थोडी हवा घेतं, म्हणून बाहेरून शिरलेली चिमूटभर हवाही मिश्रण बिघडवते. रेस दिली की तीच गळती नगण्य ठरते आणि गाडी सुरळीत पळते. त्या जोडावर थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर चोर सापडला. पेट्रोल शिंपडून बघण्याचा अघोरी प्रकार कोणी करू नये, आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन्ही दुखणी एकत्र असली तर मिश्रण, ठिणगी आणि कॉम्प्रेशन या तिघांची चौकशी करायची. प्लग काढून बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त : एअर फिल्टर चोंदलाय, चोक अडकलाय किंवा फ्लोटची सुई झिजलीय. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. टॅपेट फार टाइट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन असतं. तिथे आधी चेक इंजिनचा दिवा बघायचा, मग थ्रॉटल बॉडीतला कार्बन. तापमानाचा सेन्सर बिघडला तर इसीयूला इंजिन कायम थंडच वाटतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो.

आणखी एक रिपोर्ट आपल्या खिशातच असतो : पीयूसी. पोलिसांना दाखवण्यापलीकडे आपण तो वाचत नाही. पेट्रोल गाडीची ही तपासणी आयडलिंगलाच होते. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. तो कमी पण हायड्रोकार्बन जास्त, तर गाडी मिसिंग मारत असण्याची शक्यता मोठी. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरंच झाकून टाकतो, पण जुन्या कार्बोरेटरवाल्यांसाठी हा जवळजवळ रक्ताचा रिपोर्टच आहे.

हल्ली सगळा दोष इथेनॉलवर ढकलायची फॅशन आली आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, हे खरं. पण नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. म्हणजे ४५ चे ४३ होतील. ४५ चे ३५ झाले असतील तर तो बिघाड शोधावा लागेल. मात्र इथेनॉल पाणी ओढून घेतं. दिवाळीच्या सुट्टीत गाडी उघड्यावर सोडून जाणाऱ्यांनी टाकीचं झाकण तेवढं तपासावं.

यात मेकॅनिकला कमी लेखायचा हेतू नाही. चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी विचारतो, "थंड असताना त्रास देते की तापल्यावर?" आपण उत्तर देऊ शकत नाही, म्हणून तो अंदाजाने पार्ट बदलतो आणि बिल घरून आलेल्या पैशांतून जातं. प्लग, मग कॉइल, मग कार्बोरेटर, आणि शेवटी फिल्टर चोंदलेला निघाला, अशी उदाहरणं आपल्याच हॉस्टेलमध्ये आहेत.

म्हणून सरांना एक विनंती. आयसी इंजिन लॅबमध्ये ऑटो सायकलचा पीव्ही डायग्राम आम्ही दरवर्षी काढतो. महिन्यातला एक शनिवार लॅब आमच्या गाड्यांसाठी उघडा ठेवावा. ज्याच्याकडे तीन टाक्यांचा लेखी हिशोब असेल त्याचीच गाडी आत घ्यावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जर्नल कॉपी करून जे डोक्यात शिरत नाही, ते स्वतःचं पेट्रोल वाचवताना नक्की शिरेल.