कान आमचे, गोंगाट त्यांचा

"पनवेलला राहतोस ना? मग आवाज दाबणारे हेडफोन घे!" हा सल्ला हल्ली जो तो देतो. घेतले बुवा. लोकलची एकसुरी घरघर ते छान दाबतात, त्यामुळे गाणी हळू लावता येतात. कानांचं भलंच होतं. पण कर्कश हॉर्न त्यांना चकवून आत शिरतो, आणि डीजेचा दणका तर थेट छातीत! शिवाय पाळण्यातल्या बाळाला, शेजारच्या आजोबांना काय हेडफोन बांधायचे? २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. म्हणजे शांतता हा हक्क आहे, दुकानातली वस्तू नव्हे. गोंगाट त्यांनी फुकट करायचा आणि कान आपण पैसे मोजून झाकायचे, हा कुठला न्याय? रात्री दहानंतर मी तर हेडफोन काढून ११२ फिरवतो. तुम्हीही फिरवा!