निळा शिक्का आणि मासळीचा वाटा

दरवर्षी 31 जुलैच्या मध्यरात्री मासेमारीवरील बंदी उठते आणि पावसाळ्यात सुने पडलेले धक्के पुन्हा गजबजू लागतात. त्यानंतर पणजी, मडगाव वा म्हापशाच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्या ग्राहकाचे प्रश्न ठरलेले असतात : मासळी ताजी आहे काय, आणि वाटा केवढ्याला? कल्ले उचलून पाहावेत, घासाघीस करावी आणि घरची वाट धरावी, एवढाच त्याचा व्यवहार. ही मासळी कोणत्या जाळ्यात सापडली, एकदाही अंडी न घालताच ती मारली गेली काय, हे तो विचारीत नाही. विचारलेच तर त्याचे उत्तर तेथे कोणापाशी नसते. पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न ग्राहकाच्या वतीने दुसऱ्या कोणी विचारावा आणि उत्तर समाधानकारक मिळाल्यास मासळीच्या वेष्टनावर तसा शिक्का उमटवावा, अशी पद्धत गेल्या तीन-साडेतीन दशकांत रूढ झाली आहे. त्या शिक्क्याने ग्राहक खरोखर बदलला काय, याचा विचार आमच्यासारख्या मत्स्याहारी मुलखाने अवश्य करावयास हवा.

या पद्धतीचे पहिले मोठे यश अमेरिकेतील. पूर्व पॅसिफिक महासागरात ट्यूना, म्हणजे आमच्या कुप्याच्या जातीचा मासा, डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतो. त्यामुळे डॉल्फिनांनाच जाळ्याचा वेढा घालून ट्यूना पकडण्याची रीत तेथे पडली आणि तीत लक्षावधी डॉल्फिन बुडून मेले. 1988 मध्ये त्याची दृश्ये लोकांनी पडद्यावर पाहिली व एकच गहजब उडाला. 1990 मध्ये मोठ्या डबाबंद मासळी कंपन्यांनी असा ट्यूना न घेण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी ‘डॉल्फिन-सुरक्षित’ या शिक्क्याला कायद्याने व्याख्या मिळाली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा या शिक्क्याने डबाबंद ट्यूनाचा खप वाढण्यास हातभार लावल्याचे त्यांना आढळले. अर्थात येथे प्रश्न एकच होता, प्राणी सर्वांच्या ममतेचा होता आणि उत्तर डब्यावरच छापलेले होते. इतका सोपा योग वारंवार येत नाही.

दुसरा प्रसंग कॅनडाचा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचा कॉड मासा शतकानुशतके अक्षय्य मानला गेला होता. अतोनात उपशाने तो संपत आला आणि जुलै 1992 मध्ये सरकारला त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. सुमारे 30 हजार लोकांचे काम गेले. ती बंदी पुरती उठण्यास 2024 साल उजाडावे लागले! या धड्यानंतर 1997 मध्ये युनिलिव्हर ही मासळीची बडी खरेदीदार कंपनी आणि वन्यजीवांसाठी काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था यांनी मिळून मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलची स्थापना केली. माशाच्या आकृतीचा निळा शिक्का तो हिचाच. उद्या विकावयास मासळीच उरली नाही तर काय, ही व्यापाऱ्याची धास्तीही या शिक्क्याच्या जन्माला कारण झाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ग्राहक या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजतो काय? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनमधील मोठ्या दुकानांत हा शिक्का असलेला गोठविलेला अलास्का पोलॉक मासा सुमारे 14 टक्के अधिक दराने विकला जात असल्याचे दिसले. यावरून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सान फ्रान्सिस्को परिसरातील दुकानांत मासळीवर हिरव्या, पिवळ्या व तांबड्या खुणा लावून पाहिल्या गेल्या. पिवळ्या खुणेच्या मासळीचा खप घटला. पण जी घेऊच नये असे सांगितले होते त्या तांबड्या खुणेच्या मासळीच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही! जो द्विधा मनःस्थितीत होता तो मागे सरला. ज्याने आवडीचा मासा घेण्याचे घरूनच ठरविले होते तो बधला नाही. पाहुणे जेवायला यावयाचे असताना इसवणाखेरीज दुसरे काही न दिसणाऱ्या आमच्या वाचकांना हे मानवी मन समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा फळीसमोर उभ्या असलेल्या एकट्या ग्राहकाच्या सद्भावनेवर समुद्राचा भार टाकता येत नाही, असाच निष्कर्ष निघतो. शिक्क्याचे खरे बळ दिसले ते दुकानदाराने आपली खरेदी बदलली तेथे. 2006 मध्ये वॉलमार्टने आपली समुद्रातील मासळी टप्प्याटप्प्याने निळ्या शिक्क्याचीच घेण्याचे जाहीर केले. अशा ठिकाणी ग्राहकाच्या हाती टोपली येण्यापूर्वीच निवड झालेली असते. अर्थात ही ताकद दुधारी आहे. अमेरिकेच्या ट्यूना-शिक्क्याने आपल्या मच्छीमारांना अन्यायाने बाजाराबाहेर ठेवले, ही तक्रार मेक्सिकोने 2008 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि तो वाद दहा वर्षे चालला. तपासणीचा खर्च आणि कागदपत्रांचा पसारा मोठ्या कंपनीला झेपतो; होडीवाल्याला तो झेपेलच असे नाही.

याबाबत केरळमधील अष्टमुडी सरोवराचे उदाहरण आम्हांला अधिक जवळचे वाटते. तेथील तिसऱ्या 1990 च्या सुमारास अतिउपशाने रोडावल्या. तेव्हा 1993 पासून प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, त्या काढणे बंद ठेवण्यात आले आणि जाळ्याचे आस रुंद करून बारीक तिसऱ्या वगळण्यात आल्या. उत्पन्न सावरले. भारतातील पहिला निळा शिक्का या तिसऱ्यांना मिळाला तो 2014 मध्ये, म्हणजे संयम सुरू झाल्यावर 21 वर्षांनी! आधी आचरण, मग प्रशस्तिपत्र, हा क्रम आहे, उलटा नव्हे.

आता गोमंतकाकडे वळू. आमची मासळी वेष्टनात येत नाही, पाटीत येते. तेथे शिक्का चिकटवावा कोठे? तरीही मासळीची जन्मकथा जाणून घेण्याची इच्छा आमच्या ग्राहकाला नाही असे नव्हे. जुलै 2018 मध्ये परप्रांतांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची ओरड झाली, तेव्हा लोकांनी बाजाराकडे पाठ फिरविली आणि सरकारला बाहेरच्या मासळीची आयात काही दिवस थांबवावी लागली. प्रश्न स्वतःच्या पोटाचा होता म्हणून एका रात्रीत सारा गोवा मासळी कोठून आली हे विचारू लागला. समुद्राच्या कुशीचा प्रश्न आला की मात्र आम्ही गप्प! पूर्व किनाऱ्यावरील बंदी 14 जूनला संपते. त्यामुळे आमच्या बंदीच्या काळात तिकडची मासळी बर्फात घालून इकडे आणता येते, आणि आम्ही मात्र ती आपल्याच दर्यातील समजून हुमणात घालतो. पूर्वी पावसात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि श्रावणात अनेक घरांत मासळी शिजत नसे. हेतू काहीही असो, समुद्राला उसंत मिळे. आज श्रावण पाळणारेही नंतर वितीएवढे इसवण वाट्यात दिसले तर स्वस्त म्हणून उचलतात.

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले. पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा आणि सुरमई, म्हणजे आमचे इसवण, 370 मिलिमीटरपेक्षा लहान असता कामा नये. केरळने ही वाट 2015 मध्येच धरली होती. आमच्या मते गोव्याला परदेशी शिक्क्यापेक्षा अशा साध्या पट्टीची गरज अधिक आहे. प्रत्येक मासळी बाजाराच्या दारात मुख्य जातींच्या किमान लांबीचा मराठी-कोंकणी फलक लागावा. घाऊक बाजारातील प्रत्येक खोक्यावर मासळी कोणत्या धक्क्यावर उतरली आणि कोणत्या जाळ्याने पकडली याची नोंद असावी. तपासणी तेथेच, घाऊक बाजारात व्हावी. पहाटे उधारीवर पाटी भरून आणणाऱ्या मासळीवालीला दंड करून ट्रॉलरमालकाला मोकळे सोडण्याचा शहाणपणा सरकारने करू नये.

आणि ग्राहकाने काय करावे? पापलेट व इसवण यांपलीकडेही समुद्र आहे हे ओळखून हंगामात मिळणाऱ्या बांगड्या-तारल्यांना त्याने मान द्यावा, आणि बोटाएवढी पिल्ले वाट्यात दिसली तर मासळीवालीला स्पष्ट सांगावे, ‘बाये, ही नको.’ दहा गिऱ्हाइकांनी असे म्हटले की अकराव्या दिवशी ती पिल्ले धक्क्यावरून उचलण्यापूर्वी ती दोनदा विचार करील. कोणत्याही शिक्क्याला याहून अधिक काही साधावयाचे नसते, आणि यासाठी लंडनच्या परवानगीची आवश्यकता नाही.