पोलिसांचे जुने रिव्हॉल्व्हर : स्वस्तातला महागडा सौदा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओळीने लागतात. त्यांपैकी राई गावात आमचे एक जुने वाचक राहतात. भाईंदर पूर्वेला त्यांचे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. स्टीलच्या भांड्यांचे कारखाने तिकडे पुष्कळ, त्यांच्या डायांची व सुट्या भागांची कामे ते करतात. शनिवारी कामगारांचा पगार वाटायचा म्हणजे रोकड जवळ बाळगावी लागते आणि रात्री उशिरा स्कूटरवरून घरी परतावे लागते. मागील महिन्यात ते आमच्याकडे आले व जरा आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, एक जण पोलिसांचे जुने रिव्हॉल्व्हर देतो म्हणतो. खात्यात नवीन पिस्तुले आली, जुनी काढून टाकली, असे सांगतो. चाळीस हजार मागतो. लायसनचा कागद नंतर करून देईन म्हणतो. घ्यावे काय?"

कागद नंतर करून देतो, हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदा तरी सेकंडहॅन्ड स्कूटर घेतली आहे त्याला पुरेसे ठाऊक आहे. स्कूटरच्या बाबतीत फार तर आरटीओचे खेटे पडतात. येथे मात्र वर्षे मोजावी लागतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापुरते न ठेवता आमच्या सर्व व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

पोलिसांचे वापरलेले रिव्हॉल्व्हर विकत घेणे ही गोष्ट जगात कोठेच होत नाही असे नाही. अमेरिकेत १९८०-९० च्या सुमारास पोलीस खात्यांनी सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरे टाकून जास्त गोळ्यांची पिस्तुले घेतली. जुनी रिव्हॉल्व्हरे दुकानदारांनी बदल्यात घेतली व सामान्य गिऱ्हाइकास विकली. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल दहा हे त्यांतले नावाजलेले. पहिले रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यास तिकडे हाच माल घ्या म्हणून सांगत. कारण असे की, पोलिसाचे हत्यार वर्षानुवर्षे कमरेला लटकते; चामड्याच्या म्यानात घासून त्याचा बाहेरचा रंग उडतो, पण गोळ्या त्यातून फारशा सुटलेल्या नसतात. दिसायला जुनाट, आतून ठणठणीत. आपल्याकडचा दलाल ही कहाणी कोठून तरी ऐकतो, हिंदी सिनेमातला मसाला त्यात घालतो आणि राईच्या माणसाला विकतो.

आपल्या देशात असा बाजारच नाही. पोलिसांच्या प्रत्येक हत्यारावर क्रमांक असतो, तो रजिस्टरात चढलेला असतो व हत्यार कोठीत जमा होते. आणखी मोठी अडचण बोअरची आहे. आपल्याकडील पोलिसांच्या कमरेला दीर्घकाळ जी जुन्या घडणीची रिव्हॉल्व्हरे होती, ती पॉइंट ३८० बोअरची. हत्यार कायद्याच्या नियमांत पॉइंट ३८० व पॉइंट ४५५ ची रिमवाली काडतुसे ज्यात बसतात व सुटतात, असे प्रत्येक रिव्हॉल्व्हर, तसेच सैन्याची नऊ मिलिमीटरची गोळी घेणारे पिस्तूल, प्रतिबंधित वर्गात धरले आहे. त्यास केंद्र सरकारची खास परवानगी लागते. दुकानदाराच्या साध्या लायसनवर ते बसतच नाही. म्हणजे जो माणूस "पोलिसांचा माल" म्हणून सांगतो, तो खरे बोलत असेल तर माल चोरीचा आणि वर प्रतिबंधित. खोटे बोलत असेल तर तो गावठी कट्ट्याला पॉलिश मारून आणलेला. दोन्हीकडून आपलाच गळा सापडतो.

शिक्षेचे आकडे पाहा. हत्यार कायदा १९५९ चा. त्यात २०१९ च्या डिसेंबरात दुरुस्ती झाली. साधे हत्यार विनालायसन जवळ सापडले तर दोन ते पाच वर्षे. प्रतिबंधित हत्यार सापडले तर सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत. "मी फक्त संरक्षणासाठी ठेवले होते" ही सबब कोर्टात किती चालते, हे संजय दत्तच्या खटल्यात सर्वांनी पाहिले. १९९३ च्या त्या काळात कुटुंबाच्या जिवाची भीती वाटत होती, असे त्याचे म्हणणे होते. टाडाच्या आरोपांतून तो २००६ मध्ये सुटला. हत्यार कायद्यातून सुटला नाही. २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टाने मार्च २०१३ मध्ये ती पाच वर्षांवर आणली, आणि येरवड्यातून तो फेब्रुवारी २०१६ मध्ये बाहेर पडला. खासदार-मंत्र्याचा मुलगा, नावाजलेला नट, पदरी मोठमोठे वकील. त्याची ही गत. आपल्या लेथवाल्याच्या मागे कोण उभे राहणार?

त्या दलालाची दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक खटकली. तो म्हणाला होता की, फायरिंग पिन जरा झिजली आहे, "तुम्ही तर कारागीर, लेथवर घरच्या घरी कराल." बंधूंनो, हा खरा फास आहे. बंदूक बनविणे, दुरुस्त करणे, विकणे, यांस वेगळे लायसन लागते. ते नसताना हात घातला तर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. विकत घेणाऱ्यापेक्षा पिन करून देणाऱ्याचे भोग मोठे! लेथ, मिलिंग, वेल्डिंगची कामे करणाऱ्या आमच्या बंधूंनी हे पक्के ध्यानात धरावे. नमुना आणून "अशी एक पिन, अशी एक नळी करून द्या" असे कोणी सांगितले आणि ती कशाची आहे हे कळले, तर नमुन्याला हातही लावू नये. भंगारवाल्यांनाही हेच. भंगारात जुने हत्यार निघाले तर ते घरी ठेवू नये, वितळवू नये, पोलीस ठाण्यात लेखी खबर देऊन जमा करावे व पोच घ्यावी. तसेच वडिलांच्या लायसनची बंदूक त्यांच्या पश्चात कपाटात पडून असेल, तर वारसाच्या हाती ती विनालायसनच ठरते. ती वेळ न दवडता ठाण्यात किंवा लायसनदार विक्रेत्याकडे जमा करावी, मग नावावर करण्याचा अर्ज द्यावा.

आता भीतीविषयी. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबई-ठाण्यातल्या पुष्कळ घरांत "काहीतरी जवळ हवे" हा विचार शिरला. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडच्या नयानगर भागात जे घडले, त्यानंतर तोच विचार पुन्हा वर आला. दलाल अशाच वेळी येतो. भाव वाढलेला असतो आणि गिऱ्हाईक घाबरलेले असते. पण अशा तणावाच्या दिवसांतच झडत्या होतात, हे तो सांगत नाही. चोरीचे हत्यार तुमचे रक्षण करील तेव्हा करील. ज्या दिवशी पोलीस दार ठोठावतील त्या दिवशी तेच तुमच्यावर, तुमच्या भावांवर आणि सगळ्या गल्लीवर उलटेल.

ज्याला खरोखर गरज आहे त्याने सरळ रस्त्याने जावे. हा रस्ता आपल्यासाठी नाहीच, असे मानून पुष्कळ जण अर्जच करीत नाहीत. आमच्या मते ही मोठी चूक आहे. वय एकवीस पूर्ण असले पाहिजे. मीरा-भाईंदर, वसई-विरारचे वेगळे पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. जेथे आयुक्तालय आहे तेथे लायसन देण्याचा अधिकार कायद्याने पोलीस आयुक्ताकडे जातो. अर्जाबरोबर ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, तब्येतीचा दाखला आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. रोकड ने-आण करावी लागते याचे बँकेचे कागद, कधी लुटीचा प्रकार झाला असल्यास त्या तक्रारीची प्रत, हे जोडावे. आणि एक कलम पाठ करून ठेवावे : कलम १४. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून लायसन नाकारता येत नाही. भाड्याच्या गाळ्यात काम करणारा कारागीरही अर्ज करू शकतो. नकार मिळाला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागावीत व कलम १८ प्रमाणे वरती अपील करावे. लायसन मिळाल्यास आता ते पाच वर्षांचे असते.

लायसन हाती आल्यावर जुने रिव्हॉल्व्हर घेण्यास हरकत नाही. फक्त ते पोलिसांचे नव्हे, दुसऱ्या लायसनदाराचे. आपल्याकडे चालते ते पॉइंट ३२ बोअरचे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचा माल बहुतेकांच्या हाती दिसतो. त्याच कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले तेव्हा किंमत सुमारे एक लाख बावीस हजार होती. यावरून चाळीस हजारांच्या सौद्याचा अर्थ समजावा. एका लायसनदाराने दुसऱ्यास विकायचे तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. आम्ही तर म्हणू, लायसनदार विक्रेत्यामार्फतच घ्यावे.

माल पाहताना पहिले काम म्हणजे चक्र उघडून सहाही घरे रिकामी आहेत याची स्वतः खात्री करणे. मग अंगावरचा क्रमांक लायसनच्या कागदाशी ताडून पाहावा. क्रमांक घासलेला असेल तर तेथूनच परत फिरावे. घोडा मागे ओढल्यावर चक्र जागच्या जागी घट्ट बसते की डुगडुगते, ते पाहावे. नळी उजेडाकडे धरावी. आत गंजाचे खड्डे असतील तर नेम गेला. नव्याने चकचकीत मुलामा चढवलेल्या जुन्या मालाचा आम्हांस नेहमी संशय येतो. भांड्यांच्या धंद्यातल्या माणसाला मुलाम्याखाली काय लपते हे आम्ही सांगावे असे नाही. हत्यार घरी रिकामे, कुलपात, काडतुसांपासून वेगळे ठेवावे. निवडणुका आल्या की जमा करण्याची नोटीस येऊ शकते, तेव्हा ठाण्यात जाऊन पोच घ्यावी. आणि पळून जाणाऱ्या चोरावर गोळी झाडणे म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये त्याच्या मर्यादा दिल्या आहेत, त्या वकिलाकडून समजून घ्याव्यात.

राईच्या आमच्या मित्राशी दोन तास बसून आम्ही हे सारे बोललो. शेवटी हिशेब निघाला तो असा की, भीती शनिवारच्या रोकडीची आहे. आठ कामगारांपैकी सहा जणांची बँकेत खाती होतीच. त्यांचा पगार आता खात्यात जातो. उरलेल्या दोघांना तो शुक्रवारी दुपारी देतो. वर्कशॉपचा चोरीचा विमा काढला, त्याचा वर्षाचा हप्ता दलालाच्या चाळीस हजारांपुढे काहीच नाही. लायसनचा अर्जही आणून ठेवला आहे, अद्याप भरलेला नाही. दलाल मध्यंतरी पुन्हा येऊन गेला. या वेळी भाव तीस हजार होता.