ओढलेलं चित्र पडद्यावर दिसतं कसं? एकदा मुलांनाच बनवू द्या



संगणकाच्या तासाला आपण 'ड्रॅग अँड ड्रॉप' शिकवतो म्हणजे नेमकं काय शिकवतो? माउसचं डावं बटण दाबा, दाबून धरा, सरकवा, सोडा. मुलं या चार पायऱ्या वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. मोबाइल बघत वाढलेल्या पोराला यातलं काहीच नवीन नसतं. घरी आजीच्या फोनवरचे फोटो तोच तर इकडून तिकडे हलवून देतो.

माझं मत सरळ आहे. ओढायला शिकवण्यात तास घालवू नका. ओढलेलं चित्र पडद्यावर दिसतं कसं, ते मुलांकडून एकदा बनवून घ्या. आठवी-नववीच्या मुलांना ते जमतं. पंचवीस-तीस ओळींचा प्रोग्राम आहे. पायथन फुकट मिळतं आणि खिडक्या, बटणं, चित्रं दाखवणारं टीकिंटर विंडोजवर त्याच्यासोबतच येतं. एकदा टाकून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि आपल्याकडच्या शाळांत ही गोष्ट लहान नाही.

सगळ्यात आधी मुलांना एक गोष्ट पटवावी लागते, आणि ती पटता पटत नाही. पडद्यावरचं चित्र सरकतच नाही. ते जुन्या जागेवरून पुसलं जातं आणि नव्या जागी पुन्हा काढलं जातं, इतक्या भराभर की डोळ्यांना ते सरकल्यासारखं वाटतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली ती याच युक्तीवर. काड्या जरा सरकवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा जरा सरकवायच्या, पुन्हा एक चित्र. फरक एवढाच की तिथे काडी कुठे ठेवायची हे फाळके ठरवत होते, इथे ते माउस धरणारा हात ठरवतो आणि त्याच्या मागोमाग प्रोग्रामला पळावं लागतं.

सांगोल्यात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आपल्याच स्टेशनातून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. मग पडद्यावर एक वॅगन काढायची, शेजारी डाळिंबाची पेटी ठेवायची आणि माउसने पेटी वॅगनमध्ये चढवायची. एवढाच प्रोग्राम. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीतही देता येतात, त्यामुळे 'पेटी' आणि 'वॅगन' ही नावं खुशाल तशीच लिहू द्या. मुलांचा निम्मा धाक तिथेच जातो.

प्रोग्रामला तीन घटनांकडे कान द्यावा लागतो: बटण दाबलं, दाबलेलं असताना माउस हलला, बटण सोडलं. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येक मूल एकच गोष्ट लिहितं, 'माउस हलला की पेटी माउसच्या जागी ठेव'. चालवून बघतात, तर पेटी धरून जरा हलवली की ती टुणकन उडी मारते. "सर, पेटी पळाली!" असा ओरडा होतो. उत्तर लगेच सांगू नका. हा ओरडा तासातला सगळ्यात कामाचा क्षण आहे.

फळ्यावर आकडे मांडा. पेटीचा डावीकडचा वरचा कोपरा (१२०, ८०) वर आहे. मुलाने तिला मधेच कुठेतरी धरलं, समजा (१५०, ९५) वर. आता कोपराच माउसच्या जागी आणला तर पेटी ३० ने उजवीकडे आणि १५ ने खाली उडणारच. म्हणून बटण दाबलं त्याच क्षणी वजाबाकी करून ठेवायची: १५० वजा १२० म्हणजे ३०, ९५ वजा ८० म्हणजे १५. हे दोन आकडे जपून ठेवायचे आणि पुढे माउस जिथे जाईल तिथून तेवढेच वजा करायचे. माउस (३१०, २०५) वर गेला की कोपरा (२८०, १९०) वर. पेटी जिथे धरली तिथेच धरलेली राहते.

एक बारीक गोष्ट. टीकिंटरला वेगळं सांगितलं नाही, तर ते चित्राची जागा कोपऱ्यावरून नाही, मध्यबिंदूवरून धरतं. तेव्हा कोपरा धरायचा की मध्य, हे आधी ठरवा आणि तसं लिहा, नाहीतर फळ्यावरचे आकडे आणि पडद्यावरची पेटी यांचा मेळ बसणार नाही.

निर्देशक भूमिती आपल्याकडे नववी-दहावीला आहे. बिंदू स्थापन करा, अंतर काढा, मध्यबिंदू काढा. मुलं गुण मिळवतात, पण याचं करायचं काय हे त्यांना कुणी दाखवत नाही. इथे वजाबाकी चुकली की पेटी पळते, बरोबर आली की पेटी हातात राहते. तपासायला शिक्षक लागत नाही. आणखी एक गंमत म्हणजे पडद्यावर वाय अक्ष खालच्या दिशेने वाढतो, वहीत वर. अक्ष कुठल्या बाजूला वाढवायचा हे माणसांनी ठरवलेलं असतं, ही गोष्ट कितीही सांगितली तरी इतकी पटत नाही. गणिताच्या आणि संगणकाच्या शिक्षकांनी हा एक तास मिळून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

चित्राच्या बाबतीत टीकिंटरची एक खोड माहीत असू द्या. फंक्शनच्या आत चित्र उघडलं आणि ते कुठल्या टिकणाऱ्या नावात धरून ठेवलं नाही, तर फंक्शन संपताच पायथन ते मेमरीतून काढून टाकतं. एररसुद्धा येत नाही, पडदा नुसता कोरा. आपण तास घेत असताना हे झालं की घाम फुटतो, म्हणून आधीच सांगितलं.

पूर्वी संगणकांची ताकद कमी होती, तेव्हा ओढताना पूर्ण चित्र दाखवणं परवडायचं नाही. विंडोज ३.१ मध्ये खिडकी ओढली की नुसती चौकट फिरायची. ती काढायची युक्तीही झकास होती. चौकटीखालचे ठिपके उलटे करायचे, ० चा १ आणि १ चा ०. पुसायचं असेल तेव्हा तेच ठिपके पुन्हा उलटे करायचे, की खालचं चित्र जसंच्या तसं परत. दिव्याचं बटण दोनदा दाबण्यासारखं. आजही विंडोजच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये 'ओढताना खिडकीतला मजकूर दाखवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. त्याची खूण काढा आणि वर्गात खिडकी ओढून दाखवा. पोरं चकित होतात.

आता जरा वादाचा मुद्दा. ओढताना खरी पेटी हलवायची, की पेटी जागेवर ठेवून तिची फिकट छाया माउससोबत न्यायची? मी छायेच्या बाजूचा. छाया दिसली की मुलाला दोन गोष्टी कळतात: माझ्या हातात काहीतरी आलंय, आणि अजून काही बिघडलेलं नाही, सोडलं तर मूळ चित्र तिथेच आहे. छाया नसेल तर धरलंय की नाही हेच कळत नाही, आणि लहान मूल पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतं. मोठ्या भाषांनाही ही सोय द्यायला वेळ लागला. जावातलं स्विंग १९९८ पासून आहे, पण त्याच्या ट्रान्सफर-हँडलरला 'ओढताना हे चित्र दाखव' असं सांगायची सोय २०११ च्या जावा ७ मध्ये आली.

शिक्षकांनी एका गोष्टीचा विचार जरूर करावा. ज्याच्या हाताला कंप आहे, बोटांत ताकद नाही, त्याला बटण दाबून धरत सरकवणं अवघड जातं. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत, ओढण्याच्या क्रियेला न ओढता करायचा पर्याय असावा, असा निकष आहे. तो वेबसाठी असला तरी आपल्या प्रोग्रामला लावायला हरकत काय? पेटीवर एक क्लिक, वॅगनवर एक क्लिक, की पेटी आत. चार ओळी वाढतात. शिक्षक स्वतः तयार करतात त्या 'जोड्या लावा' खेळांतही हे असलं पाहिजे. बऱ्याच खेळांत ते नसतं.

पालक विचारतात, "सर, कोडिंगचा क्लास लावू का?" २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून कोडिंगचे उपक्रम सांगितल्यापासून हा प्रश्न वाढलाय. फीचा आकडा बघून ठरवू नका. मुलाला क्लासमध्ये विचारा, तू केलेल्या खेळात चित्र हलतं ते कशामुळे? तयार ठोकळे जोडायला माझा विरोध नाही, सुरुवात तिथून करावी. पण वर्षभर ठोकळे जोडून मुलाला 'दाबलं तेव्हा काय लक्षात ठेवलं' हे सांगता येत नसेल, तर पैसे थोडे थांबवा आणि शाळेतल्या संगणकाची चौकशी करा. धूळ खात पडलेला जुना संगणक या कामाला पुरतो. दोन-तीन मुलांत एक असला तरी बिघडत नाही. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने वहीत आकडे लिहायचे.

पेटी वॅगनच्या बाहेर सोडली तर काय व्हावं, हे मात्र तुम्ही ठरवू नका. काही मुलं म्हणतात पेटी जिथून उचलली तिथे परत जावी, काही म्हणतात जिथे सोडली तिथेच राहावी, आणि एखादं म्हणतं, "खाली पडली की डाळिंबं फुटायला पाहिजेत." तिन्ही लिहून बघू द्या.