विसरला तर दोष कोणाचा ?

आम्ही जन्मभर मुलांकडून 'रामः रामौ रामाः' घोकवून घेतलें; चुकल्यास छडी होतीच. मिशेल थॉमस यांचें चरित्र वाचून मात्र आम्ही खजील झालों. पोलंडांतील लॉड्झ येथें १९१४ सालीं ज्यू कुळांत जन्मलेले हे गृहस्थ महायुद्धांत फ्रान्समधील छावण्यांत खितपत पडले, पुढें तेथील प्रतिकारदळांत लढले. १९४७ मध्यें अमेरिकेंत जाऊन लॉस एंजेलिस येथें त्यांनीं भाषाशाळा काढली. तेथें वही नाहीं, गृहपाठ नाहीं, पाठांतरही नाहीं. विद्यार्थी विसरला तर दोष शिक्षकाचा! भयानें बुद्धि कशी गोठते, हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. २००४ सालीं, मृत्यूपूर्वी कांहीं महिने, अमेरिकेनें त्यांस शौर्यपदक दिलें. आमच्या छडीस भिऊन संस्कृत सोडलेला एक विद्यार्थी परवां भेटला. वांकून नमस्कार करून गेला. आम्हांस बोलवेना.