मतदाराला विचारायचे राहिलेच

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ मध्ये समलिंगी विवाहावर बंदी घातली, सुमारे ५२ टक्के मतांनी. २०२४ मध्ये त्याच राज्याने ती सुमारे ६३ टक्क्यांनी पुसली. अमेरिकेत राहणाऱ्या इथल्या एका मुलाचे असे लग्न आमच्या यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्येच लागले, कलम ३७७ लागू असताना! मन बदलते ते असे, ओळखीच्या घरात. आमचे मत मात्र कुणी विचारले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा प्रश्न संसदेवर सोडला. उमेदवार इथे कापसाच्या भावावर बोलतात (बोलावेच), यावर चकार शब्द नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने अशा जोडप्यांना संयुक्त खात्याची, नॉमिनीची मोकळीक असल्याचे स्पष्ट केले. बँकेत हयात गेलेला मी सांगतो, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. जोडीदार गेल्यावर रक्कम हाती येईल, आणि हक्क सांगायला पुतणे दारात उभे असतील.