काळ्या काचेची निगा

बर्फावर घालायच्या गॉगलवर लेख लिहिते आहे, असे मी संपादक मंडळातल्या मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती मोठ्याने हसली. म्हणाली, "अगं, ठाकुर्लीत बर्फ असतो तो मासळीवालीच्या टोपलीत, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर! त्यापेक्षा 'आजच्या तरुणांपुढील आव्हाने' लिही." तिचे खोटे नाही. पण ही आव्हाने आपल्या अंकात दरवर्षी येतात आणि पुढच्या वर्षी जशीच्या तशी परत येतात. मला सांगायचे आहे ते जिमखान्याच्या कपाटातल्या सहा गॉगलांविषयी आणि आमच्या अण्णांच्या डोळ्यांविषयी.

गेल्या मे महिन्यात आम्ही अकराजण हिमाचलातल्या सार पासला गेलो होतो. सुमारे १३,८०० फूट उंचीची ही खिंड. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, तेव्हा हिमालय पाहणारी पहिली हे ओघानेच आले. पैसे शिकवण्या करून साठवले होते. सामान मात्र मागून आणलेले. सॅक शेजारच्या दादाची, बूट मावसबहिणीचे आणि गॉगल जिमखान्याचा. कपाटात ते सहा गॉगल एकमेकांवर पालथे टाकलेले होते. काचांवर मागच्या तुकड्यांच्या बोटांचे ठसे, स्पंजाला घामाचा वास. मी त्यातल्या त्यात बरा पाहून घेतला आणि घरी येऊन ओढणीने खसाखसा पुसायला बसले.

अण्णा तेव्हाच कामावरून आले होते. ते डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर आहेत. शाळा सातवीपर्यंत. त्यांनी माझ्या हातातून गॉगल काढून घेतला, ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि विचारले, "ही काच कोरडी कोणी पुसली?" मी म्हटले, सगळेच पुसतात. "धूळ म्हणजे बारीक दगड असतो बाई. कोरडं पुसलंस की तू काच घासतेस. आधी झटक, मग पाणी सोड, मग टिप." मला त्या वेळी वाटले, वेल्डिंगच्या चष्म्याचे शास्त्र यांनी हिमालयाला लावले! शिकलेल्या मुलीला असे वाटणे साहजिक होते, पण ते चूक होते हे चार दिवसांत कळले.

खिंडीच्या दिवशी पहाटे निघालो. ऊन वर आल्यावर आमच्यातल्या एकाच्या गॉगलवर आतून वाफ धरू लागली. हे गॉगल दुहेरी काचेचे असतात, मधे हवेची फट असते आणि आतल्या काचेला वाफ धरू नये म्हणून एक पातळ लेप दिलेला असतो. लेप ओला असताना फारच नाजूक असतो, पुसला की निघून जातो. जिमखान्याच्या त्या गॉगलचा लेप कोणीतरी केव्हाच पुसून टाकला होता. आमच्या मित्राने रुमालाने तीनदा पुसले, मग कंटाळून गॉगल कपाळावर चढवला. तिथे घामाने तो आणखी ओला झाला. दोन-तीन तास तो उघड्या डोळ्यांनी चालला. "काही होत नाही, ढगच आहेत," म्हणाला. दिवसभर खरोखर काहीच झाले नाही.

रात्री तंबूत तो ओरडू लागला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे वाटतेय, उघडत नाहीत, पाणी थांबत नाही. बाकीचे घाबरले. मी घाबरले नाही, कारण हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले होते. आमच्या घरी त्याला 'डोळ्यांना वेल्डिंग लागलं' म्हणतात. अण्णा रात्री उठून भिंतीला डोके टेकून बसायचे, आई डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची, आणि आम्हा भावंडांना दिवा लावायची बंदी असायची.

परत आल्यावर मी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, हा आजार एकच. बर्फ असो की वेल्डिंगचा चाप, अतिनील किरणांनी बुबुळावरचे पारदर्शक पटल भाजते. उन्हाने कातडी भाजते तसेच. दुखणे सहा ते बारा तासांनी सुरू होते, म्हणूनच दिवसा माणूस फसतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरते, पण पुन्हा पुन्हा भाजून घेणे डोळ्यांना परवडणारे नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. दर हजार मीटर उंचीला हे किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, आणि पातळ ढग त्यांना फारसे अडवत नाहीत. आमच्या मित्राला दुसऱ्या दिवशी पुढच्याची सॅक धरून खाली उतरावे लागले. एका बाजूला दरी होती.

असा धडा मोठमोठ्यांनाही मिळाला आहे. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टवर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेला. खडकावरून चालताना गॉगलची गरज नाही, असे समजून त्याने तो काढला होता. रात्री दिसेनासे झाले. मॅलरी आणि अर्विन अखेरच्या चढाईला निघाले, तेव्हा त्यांचा हा नेता तंबूत आंधळा होऊन पडला होता. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांना मात्र काच ठाऊक नव्हती तेव्हापासून हाड आणि लाकूड कोरून बारीक फटीचे चष्मे करता येत होते. त्यांना धूळ चिकटत नाही, वाफ धरत नाही. मला हे फार आवडले.

आता निगेचे सांगते, कारण पुढची तुकडी जाणार आहे. गॉगल आधी झटकावा. मग कोमट किंवा साध्या पाण्याची धार सोडावी, फार मळला असेल तर सौम्य साबणाचा एखादा थेंब. बाहेरची काच मऊ स्वच्छ फडक्याने टिपावी, आतली शक्यतो पुसूच नये, हवेवर वाळू द्यावी. स्पिरिट, काचा पुसायचे औषध, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. उन्हात वाळत घालू नये. पूर्ण वाळल्यावर मऊ पिशवीत, काच वर करून ठेवावा. चालताना कपाळावर चढवू नये. आणि स्टेशनबाहेर मिळणारा नुसता काळा चष्मा तर घेऊच नये. काच काळी असली म्हणजे ती अतिनील किरण अडवतेच असे नाही. उलट अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत शिरतात.

इथे माझा लेख संपला असता. पण अण्णांच्या जागेवर एक पोरगा हेल्पर आहे, माझ्याच वयाचा. लोखंड धरायचे काम त्याचे. चाप पेटला की अण्णांच्या तोंडावर दहा-अकरा नंबरची काळी काच असते, आणि हा मान वळवून डोळे मिटून घेतो. महिन्यातून एकदोनदा त्याला 'लागते'. माझा गॉगल पाहून तो म्हणाला, "ताई, हा मला द्याल का?" मला नाही म्हणावे लागले. बर्फाचा गॉगल वेल्डिंगला मुळीच चालत नाही, चापाच्या झोतापुढे ती काच फारच फिकी. पण नाही म्हणताना मला लाज वाटली. हौसेने चार दिवस बर्फात जाणाऱ्या माझ्या डोळ्यांची सोय कॉलेज करते. रोज चापासमोर उभा राहणाऱ्याची कोणी करावी? १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाचेच होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे पाऊणशे वर्षांपूर्वी कळले होते. अण्णांनी दोनदा मागून पाहिले. "बघू" असे उत्तर मिळाले. मग त्यांनी स्वतःच्या पैशांनी दुसरी ढाल आणली. आता दोन्ही ढाली तेच धुतात, पोरगा वाळत ठेवतो.

आपण स्नेहसंमेलनात शाली आणि नारळ किती वाटतो ते सर्वांना माहीत आहे. त्यातल्या दोन शालींच्या पैशांत सहा गॉगलांना सहा मऊ पिशव्या येतील. माझे म्हणणे एवढेच की जिमखान्यात एक वही असावी, गॉगल कोणी नेला आणि धुऊन आणला का हे तीत लिहावे, आणि ज्याचा लेप गेला आहे तो कोणाच्याही हाती देऊ नये. गिर्यारोहण मंडळाच्या भिंतीवर आपण १९९८ साली एव्हरेस्टवर गेलेल्या सुरेंद्र चव्हाणांचा फोटो लावला आहे. त्याच भिंतीला लागून हे कपाट आहे.

परवा मी ते उघडले. सहापैकी दोन टाकून देण्यासारखे निघाले. त्यांवर लाल चिकटपट्टी लावली आहे. बाकीचे चार अण्णांनी दाखवले तसे धुतले आणि ग्रंथालयामागच्या सावलीत वाळत ठेवले. शिपाईकाकांनी विचारले, "हे काय सुकवतेस, पापड?"